राणीने पांघरलेल्या घोंगडीबाबत

मी, आक्काबाई सिद्धनाथ शिंगाडे, वय एकाहत्तर, धंदा लोकर कातणे (डोळ्यांमुळे सध्या बंद), राहणार धनगरवाडा, भोंगवलीच्या वरच्या अंगाला, तालुका भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर सांगत आहे. लिहून घेत आहेत अंगणवाडीच्या नूतनताई, कारण माझे अक्षर सातवीनंतर कोणी पाहिलेले नाही. मला कोणी दमदाटी केलेली नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. भोरच्या डॉक्टरांनी डोके शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. छातीबद्दल विचारले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणून हे काम पुढे ढकलत नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पडवी आणि मागचा मेंढ्यांचा वाडगा, माझ्या नावावर आहे. ते माझी सून आरती धनाजी शिंगाडे हिला द्यावे. मुलाला डावलले असा अर्थ कोणी काढू नये. आरतीने सहा वर्षे या घरात चूल सांभाळली आणि नवऱ्यामागे पानशेतला जाताना एक वाटीसुद्धा नेली नाही. धनाजी तिकडे पुण्याच्या लोकांचे बंगले राखतो. घर त्याच्या नावे केले तर तो घेणार नाही, तिच्या नावे केले तर नाही म्हणता येणार नाही.

कलम २. अकरा मेंढ्या व एक एडका पुतण्या गोरख याला. कातरलेली लोकर ओढ्यात टाकू नकोस, असे लिहिणार होते. पण घेणारा व्यापारी यायचा थांबला त्याला पाच वर्षे झाली. टाकली तर टाकू दे.

कलम ३. लोकर कातरायची मोठी कात्री जाऊबाई ठकुबाई यांनी २००३ साली दोन दिवसांसाठी नेली आहे. ती त्यांच्याकडेच असू द्यावी, मात्र ती माझी आहे हे त्यांच्या सुनांना माहीत असावे. खड्ड्यातला माग कोणालाच देत नाही. त्यावर बसेल असा माणूस आता वाड्यावर नाही.

कलम ४. भिंतीवर राणीचा फोटो आहे. तो सरपंचांनी काच लावून दिला, पण हे, म्हणजे माझे पती सिद्धनाथ, असेपर्यंत तो मी पेटीत ठेवला होता. फोटो कोणाचा हे पुढच्यांना कळावे म्हणून सांगते. उत्तरेकडच्या एका थंड देशाचे राजा-राणी २०२२ साली सरकारचे पाहुणे म्हणून दिल्लीला आले होते. मेजवानीला राणीने फिकट पिवळा पायघोळ झगा घातला आणि त्यावर काळी घोंगडी, गळ्याशी चांदीच्या फुलाने अडकवून. राणीने हिऱ्यामोत्यांपेक्षा मेंढपाळांची लोकर निवडली, आपल्या देशाचा मान ठेवला, असे टीव्हीवर दोन बायका तासभर सांगत होत्या. काळ्यावर पिवळे का खुलते, तेही सांगितले. खोटे कशाला बोलू, बाई उंच होती, खांदे सरळ होते, तिला शोभली. तिचा काही दोष नाही. सरणावरची घोंगडी पांघरून आपण जेवायला बसलो आहोत, हे तिला कोण सांगणार?

ती घोंगडी आम्ही आमच्यासाठी केली होती. कोकरांची पहिली कातरण, तिला आम्ही जावळ म्हणतो, ती तीन वर्षे साठवली. मी कातली, यांनी विणली, चिंचोक्याची खळ दोघांनी मिळून दिली. जो आधी जाईल त्याच्यावर घालायची आणि मागे राहणाऱ्यासाठी दुसरी विणायची, असे ठरले होते. दुसरी झाली नाही, यांचे हात थरथरू लागले.

कलम ५. हे कलम नूतनताईंनी मोठ्या अक्षरात लिहावे.

आमच्या घरात घोंगड्या पडवीतल्या दांडीवर घडी करून ठेवतात. जी विकायची तिच्या दशा, म्हणजे टोकाचे मोकळे धागे, दाराकडे. जी मयतासाठी राखलेली तिच्या दशा भिंतीकडे. हे यांच्या आजोबांपासून चालत आलेले आहे. गिऱ्हाईक आले आणि घरात दुसरे कोणी नसले तरी पोराला विचारावे लागू नये, म्हणून.

२०२१ च्या दिवाळीआधी मी ती घोंगडी कसर लागू नये म्हणून उन्हात घातली होती. संध्याकाळी घडी घालत होते, तेवढ्यात शेळी ज्वारीच्या पोत्यात शिरली. मी घोंगडी दांडीवर टाकली आणि शेळीमागे धावले. टाकताना दशा दाराकडे आल्या. दुसऱ्या दिवशी हे कामथडीला लग्नाला गेले आणि मी भोरच्या बाजारात. पुण्याहून शेफाली नावाची कपडे बेतणारी बाई आली. धनाजीने दांडीकडे पाहिले, दशा दाराकडे दिसल्या, त्याने घोंगडी दिली. बापाने शिकवले तेच त्याने केले.

हे परतले. मोकळी दांडी पाहून त्यांनी विचारले, "दशा कुठं व्हत्या?"

"दाराकडं व्हत्या, आबा."

"ती घडी वीस वरसं भिताकडं हाय. पैशासाठी बापाचं सरण इकलंस आन वर खोटं बोलतुस?"

"आबा, बिरोबाची आन. दाराकडंच व्हत्या."

मी चुलीपुढे होते. मला शेळी आठवली, घडी आठवली. मी फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकत राहिले. चूल चांगली पेटलेली होती.

हे म्हणाले, "माज्या सरणाला हात लावायचा न्हाई तुज्या."

शेफालीबाईंना फोन केला, तोवर तिने राणीच्या पोशाखासाठी घोंगडी मधोमध फाडून आतून रेशीम लावले होते. ती बिचारी रडली. आता ती घोंगडी त्या देशात काचेच्या कपाटात आहे म्हणतात. सरपंच हार घेऊन यांचा सत्कार करायला आले, तेव्हा हे मागच्या दाराने माळावर निघून गेले. त्यानंतर दोन वर्षे बाप-लेक एका पडवीत बसून जेवले आणि एक शब्द बोलले नाहीत. रोज उद्या सांगू म्हणत होते मी. यांचा राग माझ्यावर येईल ही भीती होती. पुढे पुढे राग नव्हे, इतके दिवस गप्प बसले याचीच लाज मोठी झाली.

१४ जानेवारी २०२४ रोजी हे गेले. अंगावर बाजारातली शाल घातली. अग्नी गोरखने दिला. धनाजी ओढ्याच्या पलीकडे बाभळीखाली उभा होता, राख निवेपर्यंत. आठवड्याने तो पानशेतला गेला.

तरी मी लिहून देते की घडी मी चुकवली. धनाजी खरे बोलत होता. माझ्या नवऱ्याने निरपराध मुलावरचा राग मनात ठेवून जीव सोडला आणि ते मी होऊ दिले.

कलम ६. मला अग्नी देण्याचा हक्क धनाजीचा आहे. मात्र त्याआधी, मला खांद्यावरून उतरवल्यावर, कलम पाच त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकून तो माघारी फिरला तर त्याला कोणी हाक मारू नये, हात धरू नये. गोरखने पुढे व्हावे. अंगावर जे हाताला लागेल ते घालावे.

कलम ७. वरचे कलम लिहून होताच साक्षीदार सावळाराम भाऊजी माझ्यावर चिडले. "वैनी, कागद कशाला? पोरगं जित्तं हाय, तुमी जित्त्या हाय. आत्ता सांगा." त्यांनी मोबाईल लावून माझ्या कानाला धरला. धनाजीने लगेच उचलला.

"आई? बरी हायस न्हवं? औशद घेतीस का?"

मी व्हय म्हटले. भाऊजींनी बोला म्हणून खूण केली.

"आई, येक इचारू? दशा दाराकडंच व्हत्या. आबांनी न्हाई आयकलं, गावानं न्हाई आयकलं. तुला तरी पटतंय न्हवं? येकट्या तुज्यावर मी दिस काढतुय."

मी म्हणाले, "पटतंय रं बाळा. माजा इस्वास हाय तुज्यावर."

तो रडला. मी फोन परत दिला. भाऊजी उठून बाहेर गेले आणि सहीपुरते आत आले.

म्हणून शेवटची अट घालते. माझ्या जिवात जीव आहे तोवर हा कागद धनाजीला दाखवू नये आणि यातले अक्षरही त्याच्या कानावर घालू नये. साक्षीदारांनी तशी शपथ घेतली आहे.

सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. कलम पाच मी तिसऱ्यांदा वाचू दिले नाही. बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही: आक्काबाई सिद्धनाथ शिंगाडे

आमच्यादेखत सही झाली:
१. सावळाराम हैबती कोळपे, धनगरवाडा
२. इंद्रजित बाळासाहेब सुर्वे, भोंगवली

लिहिणार: नूतन सुर्वे

ठिकाण: धनगरवाडा, भोंगवली
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५