कोंड्याचं नाव

५ फेब्रुवारी, बुधवार
नात झाली! अंबाजोगाईला, दवाखान्यात. जीवनचा सकाळीच फोन — "आई, मुलगी. दोघी बऱ्या हायत." चहा तसाच चुलीवर ठेवून गल्लीभर सांगत सुटले. पातेलं जळून काळं झालं. होऊ द्या!

९ फेब्रुवारी
काल घरी आली. नाक जीवनचंच. ऋतुजा लेकराला कुणाच्या हाती देत न्हाई. सुनेला काय बोलू? पहिलं बाळ चार दिवसांत गेलं तिचं.

११ फेब्रुवारी
नावाचा विषय मीच काढला. म्हणले, माझंच ठेवा — कोंडाबाई. जीवन हसला, "शाळेत पोरं भुसा म्हणतील, आई." म्हणू द्या की! मला काय कमी म्हणले?

माझ्या आईची दोन लेकरं गेली, मग मी झाले. तिनं मला सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं, अन् कोंडा देऊन परत विकत घेतलं. मरणाला वाटावं, ही कोंड्याच्या मोलाची, हिला काय न्यायचं! म्हणून कोंडाबाई. सत्तरी गेली — दात सोडले तर सगळं जागेवर हाय.

ऋतुजा म्हणाली, "माझी लेक कोंड्याच्या मोलाची न्हाई, आई." हळूच बोलली, पण बोलली.

१६ फेब्रुवारी, रविवार
बारसं झालं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, तरी घुगऱ्या कमी पडल्या. आत्याचा मान, म्हणून माझ्या योगितानं कानात नाव सांगितलं — आरोही. म्हणले, म्हंजे काय गं? "वर चढत जाणारी. गाण्यात सूर चढत्यात तशी." शेजारची छबुबाई म्हणती, "मंग शिडीच म्हणा की!" लई हसलो.

नाव देखणं हाय. तेच तर भ्याव — देखणं लगेच डोळ्यात भरतं.

२ मार्च
मी आपली "ए बाळी" म्हणते. ते नाव घेत न्हाई.

१९ मार्च
लस टोचली. दुपारपासून अंग तापलंय. नर्सबाई म्हणल्या होत्या, येतो ताप, औषध द्या, भिऊ नका. औषध दिलं.

सांजच्याला ऋतुजा माझ्यापुढं येऊन बसली. डोळे सुजलेले. "आई, तुमच्या आईनं केलं तसं करा. ठेवा तुमचंच नाव."

याचीच तर वाट बघत होते! पण तोंडातून निघालं — "येडी का काय? लसीचा ताप हाय, उतरंल. आण माझ्या आरोहीला इकडं."