बोळक्यांचं घर

सोमवार, ४ मार्च
आजही नाही! दूध पिऊन झाल्यावर मऊ फडकं भिजवून बोटाला गुंडाळलं, ठमीच्या हिरड्या पुसल्या – गुळगुळीत. लाळेची मात्र धार लागलीय. लाळेरी धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली.

आमच्याकडे बाळं बोळकी येतात आणि बोळकीच जातात. संस्थेला त्यांच्यासाठी कायमचे आईबाप मिळेपर्यंत ती माझी. हिरड्या पुसायच्या मी, दात बघायचे दुसऱ्यांनी! इतके महिने राहिलेली ही पहिलीच. मूल झालं नाही म्हणून मी कधी रडगाणं गायले नाही. पण एक दात, बास, एवढा माझ्या वाट्याला यावा. फार वाटतं.

मंगळवार, ५ मार्च
ह्यांच्यावर ओरडले. कुस्करलेलं गाजर गरम आहे का बघायला चमचा स्वतःच्या तोंडात घातला आणि तोच निघाले होते ठमीला द्यायला! म्हटलं, "तुमच्या दाढांची कीड तिला कशाला?" तर म्हणे, "दात आहेत कुठे तिला किडायला?" "येतील तेव्हा कीड आधीच स्वागताला उभी हवी का?" चमचा धुतला, फुरंगटून. नंतर बघते तर तिचा ओठ हळूच खाली ओढून आत डोकावतायत. लबाड म्हातारा!

शुक्रवार, ८ मार्च
संस्थेच्या बाईंचा फोन. आईबाप मिळाले. पुढच्या शुक्रवारी नेणार.
"वा, छान झालं," म्हणाले मी. दर वेळी हेच म्हणते.

रविवार, १० मार्च
दोघं भेटायला आली. तो गप्प, ती पोस्टात कामाला. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसली, हात दोनदा धुऊन. प्रश्नांवर प्रश्न! मीही सुटले – बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही, मध चाटवायचा नाही, दात दिसला की त्याच दिवसापासून ब्रश, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, वर्षाच्या आत डॉक्टरांना दाखवून आणायचं.
"अजून आला नाही ना दात?" तिनं विचारलं.
"नाही."
तिचा चेहरा असा खुलला! "बरं झालं बाई! पहिलं हसणं गेलं, पालथं पडणं गेलं, बसणंही गेलं. एवढं तरी मला सापडू दे." मग जीभ चावली. "काकू, तसं नव्हतं म्हणायचं मला..."
"अगं, त्यात काय!"
जळले मी. इथं कशाला खोटं लिहू? तिच्याकडे आयुष्यभराचे दात आहेत – दुधाचे, पक्के, अक्कलदाढासुद्धा! माझ्याकडे चार दिवस.

बुधवार, १३ मार्च
आला!!!
केळं भरवताना चमचा टिक् वाजला. पुन्हा – टिक्! ओठ खाली केला, तर खालच्या हिरडीत पांढरी कड. ह्यांना हाका मारल्या, अर्ध्या गालाला साबण तसेच धावत आले. आम्ही दोघं वेड्यासारखे हसतोय, आणि ठमी आमच्याकडे बघून अजूनच तोंड वासतेय.

"तिला फोन करू?" हे म्हणाले.
मला तिचा तो खुललेला चेहरा आठवला. नको नको म्हणताना आठवला.
"कुणालाच नको," म्हटलं.
ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं," म्हणाले आणि उरलेली दाढी करायला गेले.
दिवसभर ठमीला हसवत बसले. पोट भरेना.

शुक्रवार, १५ मार्च
नेलं.

निघण्याआधी ठमीच्या नव्या आईला स्वतः भरवायचं होतं. मी वाटी दिली, आणि ह्यांनी माझ्या हातातला स्टीलचा चमचा काढून घेऊन गुपचूप प्लॅस्टिकचा ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आज हा माणूस मला नव्यानं आवडला.

हिरड्या कशा पुसायच्या ते दाखवलं. दर वेळी बाळाच्या तोंडात बोट घालून दाखवते, आज माझ्याच मुठीवर फडकं फिरवलं. "एवढं सोपं?" ती म्हणाली. "एवढंच," म्हटलं. दारात ठमी ह्यांच्याकडे बघून खळखळून हसली. मी खाली फरशीकडे बघत राहिले.

शनिवार, १६ मार्च
घर पुसलं. लाळेरी कपाटात वर टाकली. हे जेवले नाहीत, वर म्हणतात भूक नव्हती.

मंगळवार, १९ मार्च
ठमीचं तोंड आठवताना आता दातासकटच आठवतं. तो तरी माझ्याकडे राहिला, म्हणायचं. पण जवळ घ्यावीशी वाटते हो! तिच्या मानेचा तो आंबूस दुधाचा वास.

रविवार, २४ मार्च
तिचा फोन. म्हणाली, "काकू, दात मला तुमच्या दारातच दिसला होता. ती काकांकडे बघून हसली ना, तेव्हा. म्हटलं, तुम्ही दाखवाल. तुम्ही दाखवला नाहीत, आणि मग का ते कळलं. गाडीत रडत गेले मी."
मी फोन दोन्ही हातांनी धरला.
"शेजारची हिरडी फुगलीय. आमच्या ह्यांनी बघायला मागितलं, मी नाही दिलं. मीही बघत नाहीये. आधी तुम्ही येऊन बघा."
हे केव्हाचे चपला घालून दारात उभे आहेत.