सहा डोक्यांचा बोर्ड

आबा, देवपूरच्या सलूनसाठी तुम्ही रंगवलेला बोर्ड मी मागून आणला आहे. तो मुंबईच्या एका चित्रदालनात लावू द्यावा का, हे तुम्हाला विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ही परवानगी दुसऱ्या कुणाकडून घ्यावी असं वाटत नाही.

सुरुवात एका मासिकापासून झाली. माझी कॉलेजातली एक मैत्रीण त्या चित्रदालनात काम करते. तिनं एक परदेशी मासिक मला जळगावला पाठवलं. त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या एका पेंटरवर लेख आहे. हा माणूस तिकडच्या न्हाव्यांचे बोर्ड रंगवतो, आणि त्यातला एक आता पॅरिसच्या संग्रहालयात पांढऱ्याशुभ्र भिंतीवर टांगला आहे. ओळीनं डोकी, प्रत्येकाखाली नंबर, कोपऱ्यात पेंटरचं नाव आणि दुकानाचा पत्ता. मी बँकेत बसल्या जागी मोठ्यानं हसलो. त्याची डोकी आठ, तुमची सहा, एवढाच फरक. लेख लिहिणाऱ्यानं त्याला विचारलंय, या चित्रातून तुम्हाला काय सांगायचं आहे? तो म्हणतो, दुकान उघडं आहे, हे सांगायचं आहे.

त्याची आठ माणसं मात्र आठ वेगळी आहेत. तुम्हाला चेहरा एकच यायचा, मामाचा, कारण न हलता तासभर बसणारा घरात तोच. सहाही डोकी मामाची, केस तेवढे वेगळे. साक्रीकडून आलेला एक म्हातारा बोर्डाखाली उभा राहून म्हणाला होता, "हाऊ एकच माणूस इतल्या खेपा कटिंग करस का?" तुम्ही आठवडाभर त्या रस्त्यानं गेला नाहीत. मीही कॉलेजात असताना मित्र बरोबर असले की पलीकडच्या बाजूनं चालायचो. हे तुम्हाला दिसत असणार.

सलूनवाल्या नानांनी आता दिवा पेटणारा प्लॅस्टिकचा बोर्ड केला आहे. तुमचा मागच्या मोरीवर झाकण म्हणून होता. मी मागितला तर ते म्हणाले, "घी जाय रे भो. पन तुना बापले हाऊ बोर्ड आवडे नही. दर दिवायीले ये आनि म्हने, नाना, फुकट नवा करी देस, हाऊ उतार."

"मग का नाही उतरवला?"

"कसाले? गिऱ्हाईक बोर्ड दखीसन हासस, मंग आत येस."

एसटीच्या टपावर बोर्ड बांधला. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, जळगावला सलून टाकताय?" मी हो म्हटलं. कलेचं सांगायला धीर झाला नाही.

पुढच्याच महिन्यात मैत्रीण एका नातेवाइकाच्या लग्नासाठी जळगावला आली. बोर्डासमोर ती जमिनीवर बसली आणि अर्धा तास उठली नाही. "एकाच चेहऱ्यातून माणसाच्या सहा शक्यता!" असं काहीतरी म्हणाली. मग मी तुमचं खरं चित्र आणलं: बर्फाचे डोंगर, तळं, दोन राजहंस. तीन उन्हाळे तुम्ही घाम पुसत तो बर्फ रंगवत होता, आणि त्याच्याजवळ आम्हाला पंखाही लावू देत नव्हता, धूळ बसेल म्हणून. तिनं ते पाहिलं आणि प्यायला पाणी मागितलं.

त्याच मासिकात शेवटी आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका चित्रकाराची मुलाखत आहे. तो चित्रशाळेत शिकलेला. तो चिडून म्हणतो, आमची तैलचित्रं पॅरिसला दाखवली की ते म्हणतात, हे तर आमच्यासारखंच आहे, तुमचं काहीतरी दाखवा. आणि मग न्हाव्याचा बोर्ड घेऊन जातात. त्या बोर्डवाल्यावर त्याचा राग नाही. आमच्यातलं कोण चित्रकार हे दर वेळी त्यांनीच का ठरवायचं, एवढंच तो विचारतो. आबा, ते वाचताना मला तुमचा आवाज ऐकू आला. बोर्डावर तुम्ही पोट भरलंत, चित्रकार होतात तुम्ही राजहंसांचे. ते तर मलाही कधी आवडले नाहीत, आणि हा बोर्ड मला आवडतो की पॅरिसला आवडला म्हणून आवडतो, हे चार दिवस स्वतःला विचारूनही कळलेलं नाही. तुम्ही ज्याची लाज बाळगलीत, त्याच्याखाली तुमचं नाव लावायचा अधिकार मला आहे का?

मैत्रिणीला वारसाची लेखी संमती हवी होती. पेंटरचा मुलगा म्हणून चाळीस वर्षं काढल्यावर चित्रकाराचा मुलगा व्हायला मिळतंय, हे माझ्या मनात नव्हतं असं म्हणणार नाही. आबा, ती संमती मी सही करून आज सकाळीच टपालात टाकली. तुम्हाला विचारायला बसलो ते त्यानंतर, जेवण झाल्यावर.