मिठागरावर घेतलेला अंगठा रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
खाडीकाठ तांत्रिक प्रशिक्षण केंद्र,
पनवेल.

अर्जदार : सत्यवती तुळशीराम घरत, वय ६४, पूर्वी मिठागरावर मजुरी, आता घरी.

विषय : नात दिपिका हिच्या कागदांवरील अर्जदाराचा अंगठा रद्द करून तिला वेल्डर अभ्यासक्रमास प्रवेश देणेबाबत.

संदर्भ : दि. २८ जुलै रोजी आपल्या कार्यालयात मिळालेला तोंडी नकार. लेखी मागितला होता, मिळाला नाही.

महोदय,

१. दिपिका वय वर्षे सतरा. तिला अर्जदारानेच लहानाची मोठी केली. ती गुणी मुलगी आहे असे सांगून अर्जदार आपली दिशाभूल करू इच्छित नाही. तिने शाळेच्या दोन काचा फोडल्या आहेत आणि एकदा गणिताच्या बाईंच्या दिशेने कंपासपेटी फेकली आहे. मागून कोणी हात लावला की ती किंचाळते. डॉक्टरांनी त्या दुखण्याला नाव दिले आहे, औषध चालू आहे, आणि ते ती स्वतः आठवणीने घेते. आपल्या फायलीत काचा आहेत, औषध नाही.

२. ती आठवीत असताना शाळेचा शिपाई कागद घेऊन मिठागरावर आला. "आजी, फुकट वह्यांचा कागद हाय, अंगठा करा," असे तो म्हणाला. अर्जदाराला तेव्हा अक्षर येत नव्हते. बोटे मिठाने फाटलेली, ठसा उमटेना, म्हणून त्याने अर्जदाराचा अंगठा धरून दोनदा दाबला. वह्या आजतागायत आलेल्या नाहीत.

३. पुढे अर्जदार अक्षर शिकली. शिकवले दिपिकेने. शिकवताना तिने दोन पाट्या आपटून फोडल्या हे खरे आहे. पण तिसरी पाटी तिनेच आणली, आणि अर्जदाराला 'क्ष' येईपर्यंत ती जागची हलली नाही.

४. दि. २८ रोजी आपल्या लेखनिकाने शाळेकडून आलेली दिपिकेची फाईल उघडली, तेव्हा तो कागद वर आला. लेखनिक म्हणाले, "आजी, तुम्हाला काय कळणार त्यातलं, बाजूला व्हा, मागे रांग आहे." अर्जदाराने तो कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला. एकेक अक्षर लावून वाचते, त्यामुळे वेळ लागला. रांग थांबली. कागदावर असे होते की, मुलीच्या वर्तनात दोष असल्याने तिला अवजारे, यंत्रे व आग यांपासून कायम दूर ठेवण्यास पालकाची संमती आहे. खाली काळा डाग होता. तो अर्जदाराचा अंगठा. चार वर्षे अर्जदार नातीला सांगत होती की तुझ्या वाटेत लोक आडवे येतात. आडवी अर्जदारच आली होती.

५. त्यानंतर आपल्या समुपदेशक विनिता मॅडम यांनी दिपिकेला काम न देता पाऊण तास खुर्चीवर बसवले आणि ती उठली म्हणून वहीत फुली मारली. मग म्हणाल्या, "हिच्या हातात आग कोण देणार? पार्लरचा कोर्स करू दे." त्यावर दिपिका म्हणाली, "बायकांच्या डोल्यापाशी माझी कात्री चालते, मॅडम, न् लोखंडापाशी माझा हात नाय चालत?" याला मॅडमनी उद्धटपणा असे लिहिले. अर्जदाराने त्याला प्रश्न असे म्हटले असते. उत्तर अजून आलेले नाही.

६. तळोज्याला गुरुदत्त यांचे ग्रिल-गेटचे वर्कशॉप आहे. तेथे दिपिका सात महिने जाते. तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढला की तिला समोरचा ठिणगीएवढा उजेड तेवढा दिसतो. माणसे दिसत नाहीत, टोमणे मारणारी तोंडे दिसत नाहीत. तेव्हा ती तीन-तीन तास जागची उठत नाही. गुरुदत्त म्हणतात, "मावशी, माझी सगळी पोरं अशी बिघडलेली असती तर बरं झालं असतं." पण उरणला बंदरावर कामाला घेताना प्रमाणपत्र मागतात. ते गुरुदत्त देऊ शकत नाहीत. आपण देऊ शकता, आणि आपण खुर्चीवर बसण्याची परीक्षा घेता.

७. आपल्या फळ्यावर 'वेल्डर : शिल्लक जागा २, अंतिम मुदत ८ ऑगस्ट' असे लिहिले आहे. अर्जदाराने ते स्वतः वाचले आहे, तेव्हा जागा भरल्या असे सांगू नये.

८. सबब, सदर अंगठा फसवून घेतलेला असल्याने अर्जदार तो परत घेत आहे. दिपिकेची परीक्षा तिच्या हातात काम देऊन घ्यावी आणि मुदतीच्या आत प्रवेश द्यावा. नकारच द्यायचा असल्यास कारण स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून खाली सही करावी. तोंडी कारण अर्जदार यापुढे घेणार नाही. शुक्रवारी सकाळी दहा वाजता अर्जदार नातीसह आपल्या दारात उभी असेल. बसण्यास खुर्ची देऊ नये.

आपली, अजूनपर्यंत नम्र,

(सही) सत्यवती तुळशीराम घरत
दि. ४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. डॉक्टरांच्या कागदाची प्रत.
२. गुरुदत्त यांचे पत्र.
३. लोखंडाच्या दोन पट्ट्या, दिपिकेने वेल्डिंग केलेल्या. आपल्या केंद्रातला सर्वात मोठा हातोडा घेऊन जोड तोडून पाहावा. तुटल्यास हा अर्ज मागे घेतला असे समजावे.