मामाची काळी पाच

मामा, जय भीम.

रागात लिहितोय. आधीच सांगतो, म्हणजे "पोरगं कावून तडकलं" असं विचारत बसू नको. आज दुसरी गिटार घ्यायला गेलतो आणि भर दुकानात तुझ्यामुळं माझं हसं झालं. तुझ्याशी भांडायला फोन लावावा, तर तो मामी उचलते. माझ्या मोबाइलमधी तुझ्या नंबरावर अजून 'मामा' असंच नाव आहे. रिंग वाजली की वाटतं, आता तू "बोल बे" म्हणशील. मग मामीचा आवाज येतो. तुझं भांडण तिच्याशी किती भांडू? म्हणून हे पत्र.

आठवीत शाळा सुटल्यापासून मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही. चुका काढू नको. आज चुका काढायची पाळी माझी आहे!

तुला माहीत आहे, हैदराबादला मी साउंडवाल्याकडं कामाला आहे. लग्नाच्या हॉलात स्पीकर चढवायचे, उतरवायचे, वायरी गुंडाळायच्या. तू सगळ्यांना सांगायचास, "याच्या पायाला भिंगरी हाय, हे तिथंबी टिकायचं न्हाई." पुणे सोडलं, सुरत सोडली, ते खरं. पण इथं टिकलो की नाही? इथं रोज स्टेज दिसतं ना. स्पीकर उचलता उचलता का होईना, दिसतं तरी.

आमच्या साउंडवर रफीकभाईंचा ऑर्केस्ट्रा वाजतो. त्यांचा गिटारवाला दुबईला निघून गेला. मी छाती काढून पुढं झालो. "मेरे कू आती," म्हणालो, आणि खोलीवरून तुझी निळी गिटार घेऊन आलो.

निळी! तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामीनं गोधडीत गुंडाळून माझ्या हातात दिली होती. म्हणाली, "घिऊन जा, घरात नुसती बघत बसती माझ्याकडं." तशीच गोधडीसकट बसमधी मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, "लेकरू झोपलं का?"

मामा, एक विचारायचं राहूनच गेलं. गिटारीला कुणी ऑइलपेंट देतं का रे? लातूरच्या कुठल्या तरी ऑर्केस्ट्रानं टाकून दिलेली गिटार तू आणलीस ते ठीक. पण विहाराच्या कमानीला लावून उरलेला निळा रंग तू तिला फासलास! गेट आहे का ती? ब्रशाचे केस अजून त्या रंगात अडकलेले आहेत. रफीकभाईंनी नखानं खरवडून बघितलं आणि विचारलं, "इसके ऊपर डांबर नईं लगाए?"

पण मी तिच्यावरच भुललो होतो ना. घाटनांदुरात आपली गायन पार्टी उभी राहायची. मामी पुढं माइकवर, तू मागं निळी गळ्यात अडकवून. जाड तार छेडली की आत भुंगा कोंडल्यासारखा आवाज यायचा. कुठं गेलो, किती गिटारी ऐकल्या, तो भुंगा मला दुसरीकडं सापडला नाही. मला वाटायचं, हे तुझ्या हाताचं कसब आहे. कसब! थांब, सांगतो पुढं.

पहिल्याच तालमीला तिथली गायिका म्हणाली, "काली पाँच दो." मी असा खूश झालो! काळी पाच म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी, मामीची रोजची. जयंतीच्या कार्यक्रमात पहिलं गाणं उचलायच्या आधी मामी मान मागं वळवायची आणि विचारायची, "काळी पाचच हाय ना?" तू जाड तार छेडायचास, म्हणायचास, "तीच हाय, गा बिनघोर." घाटनांदूर असो, दिंद्रुड असो, गेवराई असो, हे झाल्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. मला तर ती तार झोपेतसुद्धा लावता येते.

तर मी ती तार छेडली. कीबोर्डवाल्यानं त्याची काळी पाच दाबली. मामा, एका दावणीला दोन अनोळखी बैल बांधावेत तसे ते दोन सूर एकमेकांवर धावून गेले!

रफीकभाई म्हणाले, "क्या मियाँ, ये कौनसे गाँव की काली पाँच है?"

मी म्हणालो, "बीड जिल्हा."

सगळे पोट धरून हसले. मी तर खरं तेच सांगितलं होतं!

मग मी वाद घातला. कीबोर्ड बिघडलाय म्हणालो. माझ्या मामाची काळी पाच चुकूच शकत नाही म्हणालो. कुणी ऐकेना, तेव्हा तार वर कसायला गेलो. पण निळी ऐकते का? खुंट्या निसटतात म्हणून तू त्यांच्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबून ठेवलेत. तार वर ओढली की खुंटी हळूहळू मागं फिरते आणि आपल्या जुन्या जागी येऊन बसते. हट्टी बाई! कुणाच्या हातात वाढली ते दिसतंच.

रफीकभाईंनी शेवटचं सांगून टाकलं, "शादियों के सीज़न से पहले ढंग की दूसरी गिटार लाओ. नईं तो स्पीकर उठाने की जगा तो हैच तुमारी." मामा, एकदा स्टेजवर चढल्यावर पुन्हा खालून स्पीकर ढकलायचे? त्यापेक्षा सुरत बरी.

म्हणून आज सुट्टी काढून दुकानात गेलो. निळी गोधडीत, सोबतच. भिंतभर गिटारी टांगलेल्या. काउंटरवर शिरीन नावाची पोरगी होती, तोंडानं लई फटकळ. "कैसी होना?" म्हणाली. मी गोधडी सोडून दाखवलं, "ऐसीच होना."

तिनं निळीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. "ऐसी तो कंपनी बनाती नईं, मियाँ."

एक काळी दिली, एक लाकडाच्या रंगाची दिली, एक सायीच्या रंगाची. सगळ्या लाडात वाढलेल्या, गुळगुळीत, स्वच्छ बोलणाऱ्या. भुंगा एकीतही नाही! मी सवयीप्रमाणं खुंट्या पिळून सूर 'नीट' करायला लागलो, तर ही ओरडली, "अरे अरे, लगी-लगाई गिटार कायकू बिगाड़ रैं?"

"बिगाड़ नईं रहा, काली पाँच लगा रहा हूँ."

तिनं सूर दाखवणारी चिमट्याची डबी आणली आणि निळीच्या डोक्याला लावली. म्हणाली, "काली पाँच कहाँ की? ये तो सफेद चार है." म्हणजे आपली पांढरी चार. कितीतरी खालची! मी म्हणालो, डबी खराब आहे. तिनं दुसरी डबी आणली. मी म्हणालो, हीपण खराब. तिनं माझ्याच मोबाइलवर सूर मोजून दाखवला.

"हौ," ती म्हणाली, "पूरी दुनिया खराब, बस तुमारे मामा अच्छे!"

दुकानातलं एक गिऱ्हाईक खिंकाळलं. आणि तुझा तो भुंगा माहीत आहे काय निघाला? तारा एवढ्या ढिल्या, की दांड्याच्या पट्ट्यांना घासून खडखडतात. बस! कसब ना बिसब. जिच्यापायी मी शाळा बुडवून तुझ्या दारात बसायचो, ती नुसती ढिली तार होती!

निळी काउंटरवर टाकली, बाहेर आलो, 'मामा' दाबलं. मामीनं उचलला.

"मामी, मामानं मला चुकीचं शिकवलं. सगळ्यांपुढं इज्जत गेली माझी. त्याची काळी पाच काळी पाच नव्हतीच!"

मामी म्हणाली, "कुठवर उतरलीय आता? पांढऱ्या चारवर का?"

मामा, मी रस्त्यावरच थांबलो. मागनं रिक्षावाला हॉर्न मारून शिव्या देत गेला.

"आरं, गळ्याचं आपरेशन झालतं ना माझं," मामी म्हणाली, "तवापासून वरचा सूर लागंना. मी म्हणले, आता माझं गाणं बंद. तुझा मामा म्हणला, आपल्याच पट्टीवर एकदा गाऊन तर बघ. आन् गपचिप तारा ढिल्या केल्या की त्यानं! पेटीवाल्याला, ढोलकीवाल्याला पढवून ठिवलं. आवाज अजून उतरला की ह्यो अजून ढिल्या करायचा."

"आणि तुला हे माहीत होतं?"

"गळा कुणाचा हाय? माझा का त्याचा?"

"मग दरवेळी मान वळवून विचारायचीस कावून?"

"त्यो 'तीच हाय' म्हणायचा ना," मामी म्हणाली, "त्ये ऐकायला."

मग एकदम आवाज चढवून बोलली, "पर हे तुझ्या मामाला कळू द्यायचं न्हाई! त्याला वाटायचं, मला काईच ठावं न्हाई."

मी म्हणालो, "मामी, मामा गेला."

"मग? सांगू नको म्हंजी सांगू नको."

तर सांगितलं. मी कधी कुणाचं ऐकलंय? आता तुला कळलंय हे मामीला कळू देऊ नको, म्हणजे झालं.

पण मामा, पेटीवाल्याला ठाऊक, ढोलकीवाल्याला ठाऊक, जिच्यापासून लपवायचं तिलाही ठाऊक. मग मीच एकटा येडा राहिलो का रे? वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून शिकवलंस, कानात एवढं तरी सांगायचंस, की बाबा, ही पट्टी आपल्या घरापुरती आहे, बाहेर काढू नको! मी तिला घेऊन हैदराबादपर्यंत आलो. आणि तुला विचारायला आलो असतो, तर तू आधीच निघून गेलेला. किती घाई!

परत आत गेलो. शिरीन तोपर्यंत जरा नरमली होती. म्हणाली, "ढिल्ली तो तुमारे पास हैच. फिर वैसीच कायकू ढूँढ रैं? कसी हुई लेव ना."

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी दिवसभर दुसरी निळी शोधत होतो. निळीला जे जमत नाही, ते जिला जमतं ती बघायला पाहिजे होती. सायीच्या रंगाची पुन्हा हातात घेतली. बारीक, ताठ आवाजाची आहे, खोटं अजिबात न बोलणारी. डबीत बघून तार लावली. काळी पाच, खरीखुरी. छेडली.

मामा, ती केवढी उंच आहे रे! मी तिथं बोट ठेवून तसाच उभा राहिलो. मामी इथं गायची? या सुरावर? मी तर तिचा उतरलेलाच आवाज ऐकत मोठा झालो, आणि त्यावरसुद्धा माणसं पुढं सरकून बसायची. तू हा ऐकला होतास. हा वरचा आवाज एकट्या तुझ्या कानात होता, आणि तरी दरवर्षी तू त्या खालच्यालाच 'तीच हाय' म्हणत राहिलास.

तुझ्यावरचा राग अर्धा तिथंच गेला. अर्धा आहे अजून. तो राहणार.

सायीच्या रंगाची घेतली. रफीकभाईंना उद्या दाखवीन, मग बघू कोण हसतं. निघताना शिरीन निळीला हात लावून म्हणाली, "इसकी खूँटियाँ बदल देऊँ? सुर पकड़ के रैगी." मी निळी तिच्या हातातून ओढून घेतली, गोधडीत गुंडाळली आणि म्हणालो, "नक्को."

आता कबूल करतो ते ऐक. लग्नसराईत नवी वाजवीन, दुनियेच्या पट्टीवर. निळीच्या खुंट्यांना हात लावणार नाही, तुझे ते ट्यूबचे तुकडेसुद्धा काढणार नाही. जयंतीला रफीकभाईंनी कितीही ओढलं तरी घाटनांदूरला येईन, निळी घेऊन. आदल्या दिवशी मामीला स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकीन. आवाज अजून उतरला असला, तर तार अजून ढिली करीन. खडखडली तर खडखडू दे.

मामी माइकसमोर उभी राहील. मान मागं वळवील. विचारील.

मी म्हणीन, तीच हाय, गा बिनघोर.

तुझा भाचा,
विक्या
(बीड जिल्ह्याची काळी पाचवाला)