मतदान होईपर्यंत

२० जानेवारी १९५७

विचारून टाकलं एकदाचं! सासूबाई ताक घुसळत होत्या. म्हटलं, "आई, ऑफिसातले मार्तंड माझ्याशी लग्न करायचं म्हणतायत. मलाही करायचंय." त्यांचा हात थांबला. मग, "कर गं. सव्विसाव्या वर्षी भिंतीकडे किती दिवस बघत बसशील!" दोघी रडलो.

संध्याकाळी नंदकिशोर आला — माझा दीर, पक्षाचं काम करतो. "आमची ना नाही, वहिनी. पण मतदान होईपर्यंत थांबा ना! विद्याधरदादा संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात गेला, सारं घाटकोपर जाणतं. आत्ता लग्न केलंत तर आपल्या उमेदवाराची वाट लागली!"

मार्चपर्यंतच तर थांबायचं. हो म्हटलं.

२७ जानेवारी

पहिली सभा. "बोलू नका, नुसत्या उभ्या राहा," नंदकिशोर म्हणाला. पांढरं पातळ पक्षवाल्यांनीच आणलेलं — मी कधी नेसत नाही. ऑफिसला जाताना लावते ती काळी टिकली नंदकिशोरने पुसायला लावली. वक्ता ओरडला, "या माउलीचं कपाळ बघा!" बायका हुंदके देत होत्या. मला मात्र विद्याधर आठवेचनात. पातळाची खळ टोचत होती, तेवढंच.

५ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावर प्रचाराचं हळदीकुंकू. तिळगूळ देता देता कुठल्या चिन्हाच्या पेटीत मत टाकायचं ते शिकवतायत. मला बोलावणं नाही. सभेला चालते, हळदीकुंकवाला नाही! अस्सा संताप आला!

१७ फेब्रुवारी

मुलुंड, कांजूर, परत घाटकोपर. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कमळ कोळीण रस्त्यातच पाटी उतरवून माझ्या पाया पडली. "बाय, तू आमची देवी हाय." मी पाय मागे घेतले. भीती वाटली. कशाची, कळेना.

मार्तंड म्हणाले, "थोडेच दिवस राहिले ना?"

२ मार्च

मार्तंड आज सभेला आले होते! शेवटच्या रांगेत. सगळ्यांसारखेच हात जोडून उभे.

११ मार्च

मत दिलं. सुटले!

१६ मार्च

निवडून आलो. गुलाल, ढोल. नंदकिशोर पेढे घेऊन धावत आला — "वहिनी, आता खुश्शाल उडवा बार!"

मार्तंड ऑफिसच्या जिन्यात भेटले. मान वर करेनात. "मला नाही जमणार, उत्तरा. त्या दिवशी तुझ्यापुढे हात जोडले ना — अगदी मनापासून जोडले गं. आता तुला बायको कसं म्हणू?"

आईंना अजून सांगितलेलं नाही.