एका काडीची चूक

प्रिय मासाहिदे,

हल्ली तू पार्क चांग-सू अशी सही करतोस. मी मात्र ज्या नावाने तीन वर्षं हाक मारली, त्याच नावाने आज मारणार. तुझं पाकीट मंगळवारी पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहू नये हे ठरवण्यातच माझा आठवडा गेला. इकडची बातमी म्हणशील तर आपल्या कचेरीच्या जागी आता गाड्यांचा तळ झालाय. आपले मिझोबाता साहेब गेल्या वर्षी वारले. शेवटी त्यांना स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं म्हणे. तुला बरं वाटेल म्हणून कळवते.

तुझी आई मला अजून आठवते. त्सुरुहाशीच्या बाजारात रेल्वेच्या पुलाखालची तिची किमचीची, त्या कोबीच्या तिखट लोणच्याची गाडी, मसाल्याने लाल झालेली तिची नखं. दर रविवारी तू मला तिथे न्यायचास आणि कचेरीतलं कुणी दिसलं की माझ्यापासून चार पावलं लांब चालायचास. आईला मात्र मी आवडायचे. "ये गं पोरी, बस," म्हणायची आणि फळीवर ओल्या बोटाने मला कोरियन अक्षरं गिरवायला लावायची. गिऱ्हाइकाला 'सोन-नीम' म्हणायचं, तिने शिकवलं. त्यातला 'नीम' म्हणजे आपला 'साहेब'. जागेचा मालक भाडं मागून गेला की ती थुंकून म्हणायची, 'नोम!' म्हणजे हलकट. "बघ, उभी काडी आडवी पडून तिला वर टोक फुटलं की साहेबाचा हलकट होतो," म्हणत हसायची. कचेरीत तू जपानी अराई होतास. तू कोरियन पार्क आहेस हे तिथे एकट्या मला ठाऊक होतं.

मग तू मिझोबाता साहेबांच्या भाचीशी लग्न ठरवलंस. उदोन शेवयांच्या दुकानात, माझा वाडगा अर्धा व्हायच्या आत सांगितलंस, "तोकिए, तू समजूतदार आहेस. अशी संधी माझ्यासारख्याला दोनदा येत नाही." मी समजूतदारपणे उरलेला वाडगा संपवला. तुझाही संपवला.

त्याच महिन्यात आपल्या कचेरीकडे कोरियातल्या पुसानच्या बोटीच्या तिकीट-यंत्राचं काम आलं. तिकडच्या खिडकीवरच्या कारकुनांना यंत्र कोरियनमध्ये हवं होतं. यंत्रावर कोरियन भाषा बसवायचं काम तुझं: अक्षरांचे साचे, तारखेची रीत, त्यांच्या वॉन चलनाची खूण, प्रवाशांची नावं त्यांच्या वर्णक्रमाने लावणं. दुभाष्याच्या कागदावरून पडद्यावरची वाक्यं टाइप करायचं काम माझं. यंत्राला जपानी सांगितलं असलं की माझी ती फाइल साध्या जपानी अक्षरांत दिसायची, एकाही शब्दाला अर्थ नाही. तू एका ओळीत भाषा आणि देश बदललास की यंत्राने साठवलेले तेच आकडे कोरियन अक्षरं होऊन उभे राहायचे. तू हे इतकं सफाईने करायचास, आणि वर म्हणायचास, "मला काय कळतंय त्यातलं? गोळे आणि काठ्या!" साहेब खदखदून हसायचे. "अराई, जपून रे. फार वेळ बघितलंस तर त्या कोरियनांसारखा अंगाला लसणाचा वास येईल." तूही हसायचास. मला तुझ्या आईची नखं आठवायची.

पुसानहून पाहुणे यंत्र बघायला यायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला, सगळे तुझ्या मेजाभोवती जमले. साहेबांची भाचीही आली होती, सगळ्यांसाठी बीनच्या मिठाया घेऊन. तू ती ओळ बदललीस, यंत्र पुन्हा चालू केलंस आणि स्वागताचं वाक्य पडद्यावर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू वाचलंस आणि फस्सकन हसलास. मग तुझा चेहरा पांढरा पडला. अजूनही गप्प बसता आलं असतं. साहेब म्हणाले, "काय रे, काय झालं?" तू पडद्यावरून बोट न उचलता म्हणालास, "चुकलंय. 'सोन-नीम' हवं, इथे 'सोन-नोम' पडलंय. उद्या पाहुण्यांना आपण हलकट म्हणणार आहोत." साहेबांनी हळूच विचारलं, "आणि हे तुला कसं कळलं?" तू म्हणालास, "माझ्या आईची भाषा आहे." भाचीने मिठाईचा डबा मिटला. मी खाली वाकून तुझी, सगळ्यांची माफी मागितली. म्हटलं, मला अक्षरं येत नाहीत, हात चुकला.

पुढचं तुला माहीत आहे. मध्यस्थ बाई साखरपुड्याच्या भेटी परत घेऊन आल्या. "आमच्या मनात काही नाही रे," साहेब म्हणाले, "घरातल्या म्हाताऱ्यांचं काय करणार?" तुझं मेज भांडारापाशी गेलं. पोरं तुला 'पुसानचे राजदूत' म्हणू लागली. तेव्हा तू माझ्याकडे आलास, माझ्या स्वयंपाकघरात बसून रडलास, आणि चार महिने राहिलास. मी तुला भात वाढला, तुझे सदरे धुतले. इतकं सुख मला ना आधी मिळालं, ना नंतर. मग तू आईची भाषा नीट शिकायला पुसानला निघालास. येतेस का म्हणून विचारलं नाहीस. बंदरावर म्हणालास, "तुझ्या त्या चुकीने मला माणूस केलं."

आता तुझ्या पाकिटाबद्दल. तुझं आयुष्य पुस्तकात छापतायत, त्या दिवसाची हकीकत तू शाळाशाळांतून सांगतोस, आणि ती खरी असल्याची सही तुला माझी हवीय. हकीकत सुरेख लिहिलीस. 'मला कुणी भाग पाडलं नाही, मी स्वतःहून बोललो' हे वाक्य तर फारच. पण तीन वर्षं आणि चार महिने तू एका ओळीत आटोपलेस: 'एक टायपिस्ट मुलगी होती, तिच्या हातून चूक झाली.' बायको वाचेल म्हणून असेल. तर ऐक. दुभाष्या त्याच्याही आदल्या दिवशी येऊन सगळी वाक्यं तपासून, शिक्का मारून गेला होता. तो कागद मी खणात ठेवला आणि 'नीम'चा 'नोम' केला. चुकीचं काही दिसलं की तुला गप्प बसवत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भाचीला मिठाया घेऊन तीन वाजता यायला मीच फोन केला होता. मला पश्चात्ताप झालाय असं समजू नकोस. तो व्हायचा असता तर त्या चार महिन्यांत झाला असता. सही मी करणार नाही. माझ्या हातून टायपिंगची एकही चूक कधी झालेली नाही.

कधीकाळची तुझीच,
तोकिए